गोठलेला रस्ता आणि जुनी स्पोर्ट्‌स कार : वाचकांचे प्रश्न

हिवाळी अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच निघाला, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या वेळी ही चारच पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातील मुद्दे समजले की पुढची उत्तरे थोडक्यात देता येतात.

प्रश्न : मी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेन येथे राहतो. सहा वर्षांपूर्वी मी १९८३ सालची पोर्शे ९११ एससी विकत घेतली आणि तिची निगा जिवापाड राखली आहे. गेल्या नोव्हेंबरात सकाळी सातच्या सुमारास एका लहानशा पुलावरून जात होतो. पुलावर अगदी हलके वळण आहे. वेग ताशी ४५ किलोमीटर होता आणि रस्ता फक्त ओलसर दिसत होता. समोर काहीतरी चमकल्यासारखे वाटले म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. ब्रेकला मी स्पर्शही केला नाही. तरीही गाडी मागून सुटली, पूर्ण फिरली आणि ज्या दिशेने आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते. टायर उन्हाळी आहेत, पण त्यांची नक्षी भरपूर शिल्लक आहे. याच गाडीने मोंटे कार्लोची रॅली बर्फात जिंकली आहे, मग ती बर्फावर धोक्याची कशी म्हणायची? माझे नेमके काय चुकले? — एक वाचक, एस्लिंगेन

उत्तर : तुमच्या पत्रात ‘पाय काढला’ आणि ‘ब्रेकला स्पर्शही केला नाही’ ही दोन विधाने शेजारी शेजारी आली आहेत, आणि पहिली कृती निरुपद्रवी होती असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. त्या सकाळी गाडी फिरवली ती नेमकी त्याच कृतीने. पण आधी पुलाविषयी बोलले पाहिजे.

जमिनीवरच्या रस्त्याला खालच्या मातीची ऊब मिळत राहते. पुलाला ती मिळत नाही, कारण त्याच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून थंड हवा वाहते. म्हणून आजूबाजूचा रस्ता नुसता ओला असतानाही पूल गोठलेला असू शकतो. त्यातच निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. डॅशबोर्डवरचा तापमापक अधिक दोन किंवा तीन अंश दाखवत असेल, तर ते हवेचे तापमान असते, डांबराचे नव्हे. अशा जागी साचलेल्या बर्फाचा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचे काळे डांबर त्यातून स्वच्छ दिसते, आणि म्हणूनच त्याला काळा बर्फ म्हणतात. तुम्हाला ‘ओलसर’ दिसलेला रस्ता आणि समोर दिसलेली चमक ही बहुधा एकाच गोष्टीची दोन रूपे होती.

आता थोडे आकडे पाहू. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक, म्हणजे रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा, साधारण ०.८ असतो, दाबल्या गेलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत खाली येतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ च्या आसपास राहतो. शून्य अंशाजवळ, जेव्हा बर्फाच्या अंगावर पाण्याचा थर सुटू लागतो, तेव्हा तो आणखी कमी होतो. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्यामानाने कमी निसरडा असतो, हे ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. या आकड्यांचा अर्थ असा की ५० मीटर त्रिज्येचे जे वळण कोरड्या रस्त्यावर जास्तीत जास्त ताशी ७० किलोमीटरने घेता येते, ते दाबलेल्या हिमावर ४० ने आणि बर्फावर फक्त २५ ने घेता येते. उलट हिशेब केला, तर ताशी ४५ किलोमीटर वेगाने बर्फावरून जाताना १६० मीटर त्रिज्येचे वळणसुद्धा टायरची सगळी पकड वापरून टाकते. एवढ्या मोठ्या त्रिज्येचे वळण एरवी आपल्याला वळण वाटतही नाही. तुमच्या पुलावरचे ‘अगदी हलके’ वळण त्यापेक्षा फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

टायरची पकड म्हणजे दुकानातला एकच गल्ला असतो. वळायचे असो, थांबायचे असो की वेग वाढवायचा असो, पैसे त्याच गल्ल्यातून काढावे लागतात. तुमच्या मागच्या चाकांचा गल्ला वळणानेच रिकामा होत आला होता. तुम्ही पाय काढलात, गाडी गिअरमध्ये होती, त्यामुळे तीन लिटरचे इंजिन मागच्या चाकांना मागे ओढू लागले, म्हणजे ज्याला आपण इंजिन ब्रेकिंग म्हणतो ते सुरू झाले, आणि ते फक्त मागच्या दोन चाकांवर सुरू झाले. हा ब्रेक तुम्ही पायाने दाबला नव्हता, पण रस्त्याच्या दृष्टीने तो ब्रेकच होता. त्याने उरलीसुरली पकड खाल्ली आणि मागची चाके बाजूला घसरायला मोकळी झाली. कोरड्या रस्त्यावर ९११ पाय काढल्यावर मागून सुटते तेव्हा वजन पुढच्या चाकांकडे सरकणे हे मुख्य कारण असते. बर्फावर गाडीचा वेग इतका सावकाश कमी होतो की वजन फारसे सरकतच नाही, तेथे खरा अपराधी इंजिनाची ही ओढ असते. हा फरक मी मुद्दाम सांगतो आहे, कारण उपाय त्यावरच अवलंबून आहे.

तुमच्या गाडीच्या ठेवणीने पुढचे काम केले. ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेले असते आणि गाडीचे सुमारे ६० टक्के वजन मागे असते. असे वजन एकदा बाजूला निघाले की लंबकासारखे पुढे जात राहते, ते थांबवायला पकड लागते, आणि पकड तर नव्हतीच. हा स्वभाव कंपनीला पहिल्यापासून ठाऊक होता. साठच्या दशकातील काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाची वजने बसवण्यात आली होती, आणि १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवून मागच्या भागाचा भार थोडा सावरण्यात आला. तुमची १९८३ ची गाडी या सुधारणांनंतरची आहे. ती आपल्या पूर्वजांपेक्षा समजूतदार आहे, पण घराणे तेच आहे.

मोंटे कार्लोविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे. १९६८ साली विक एल्फर्ड यांनी, तर १९६९ आणि १९७० साली ब्यॉर्न वाल्डेगार्ड यांनी ९११ मधून ती रॅली जिंकली. मागच्या चाकांवर वजन असल्याने आणि तीच चाके गाडी ढकलत असल्याने बर्फाळ चढावर ९११ खरोखरच चांगली चढते. घर्षणांक ०.१ धरला, तर तुमची गाडी साधारण सहा टक्क्यांचा चढ चढू शकेल. पुढे इंजिन आणि मागे ओढ असलेली, मागच्या चाकांवर ४५ टक्के वजन असलेली गाडी साडेचार टक्क्यांवरच हात टेकेल. पण हा फायदा फक्त चढण्याचा आहे. उतरताना आणि वळताना चारही चाकांना तोच ०.१ मिळतो, आणि दहा टक्क्यांपेक्षा तीव्र उतारावर तर चारही चाके जाम केलेली उभी गाडीसुद्धा आपोआप खाली सरकू लागते. चढताना मिळालेल्या आत्मविश्वासाने माणूस पलीकडच्या उताराला लागतो, आणि अपघात तेथे होतात. शिवाय त्या रॅलीवीरांच्या टायरना खिळे होते, पुढचा रस्ता कोठे गोठला आहे याची टिपणे त्यांच्या हाती होती, आणि जो लंबक तुम्हाला फिरवून गेला तोच ते वळणाआधी मुद्दाम झुलवून गाडीचे तोंड हव्या त्या दिशेला आणत असत. तुमच्याजवळ सकाळी सातची घाई आणि उन्हाळी टायर होते.

टायरची नक्षी भरपूर आहे हे समाधान या बाबतीत कामाचे नाही. उन्हाळी टायरचे रबर सुमारे सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचांमध्ये शिरेनासे होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर सुरीने काप दिल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात, ज्यांच्या कडा हिमाला धरतात. जर्मनीत २०१० पासून बर्फ, हिमाचा चिखल किंवा गोठलेले दव असलेल्या रस्त्यावर हिवाळ्याला योग्य असे टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर तीन शिखरे व हिमस्फटिक असलेले चिन्ह असावेच लागते. नसल्यास ६० युरो दंड आणि वाहनचालकाच्या खात्यावर शिक्षेचा एक गुण जमा होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाल्यास विमा कंपनी घोर निष्काळजीपणाचे कारण पुढे करून तुमच्या गाडीच्या भरपाईत कपात करू शकते. जुन्या गाड्यांच्या मालकांना आणखी एक सवय लावून घ्यावी लागते : टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचण्याची. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी बारा वर्षांनीही नवी दिसते, पण रबर तोवर लाकडासारखे झालेले असते. तुमच्या टायरवरचे आकडे पाहून घ्या. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका आहे.

त्या क्षणी काय करता आले असते, असाही प्रश्न उरतो. क्लच दाबता आला असता. क्लच दाबताच इंजिनाची ओढ तुटते, मागची चाके मोकळी फिरू लागतात आणि त्यांची सगळी पकड वळणासाठी परत मिळते. जुन्या हाताच्या गिअरच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नसले तरी हे एक उत्तम साधन मिळालेले असते आणि फार कमी लोक ते वापरतात. त्याबरोबर मागचा भाग ज्या बाजूला निघाला त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचे आणि नजर कठड्यावर न ठेवता ज्या दिशेला जायचे त्या दिशेला ठेवायची. मात्र गाडी सावरू लागली की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करावे लागते, नाही तर लंबक दुसऱ्या बाजूला झुलतो, आणि हा दुसरा झोका पहिल्यापेक्षा जोरदार असतो. हे वाचून येत नाही. मी स्वतः एका प्रशिक्षण केंद्राच्या पाणी सोडलेल्या निसरड्या पट्ट्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने सलग चार वेळा फिरलो आणि पाचव्या वेळी कुठे पायाला क्लच आठवला. एडीएसी या जर्मन वाहनचालक संघटनेची अशी केंद्रे ठिकठिकाणी आहेत. एक दिवस तेथे घालवा.

आणि तरीही माझे मत विचाराल तर नोव्हेंबर ते मार्च ही गाडी गॅरेजमध्ये ठेवावी. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते, एप्रिल ते ऑक्टोबरची घेतली की विमा आणि करही तेवढ्याच महिन्यांचा पडतो. उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, उभीही करता येत नाही. मोहाला कायद्याचे कुलूप घालण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे. दुसरी गाडी ठेवणे परवडत नाही, म्हणून म्युनिकच्या हिवाळ्यातही हीच वापरतो. चारही टायर हिवाळी आहेत. गाडीला एबीएस नाही. ते बसवून घेता येईल का? नसेल तर ब्रेक कसा लावावा? एका मित्राने डिकीत वाळूची पोती ठेवायला सांगितले आहे, ते योग्य आहे का? — एक वाचक, म्युनिक

उत्तर : चारही टायर हिवाळी आहेत, हे वाचून बरे वाटले. केवळ ओढणाऱ्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना हिवाळी टायर लावून पैसे वाचवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची गाडी सुटते झोकात, पण वळत नाही आणि थांबतही नाही. तुमच्या गाडीला लागणारे १४ इंची टायर अरुंद आहेत, आणि हिमात ते सोयीचेच असते, कारण रुंद टायर भुसभुशीत हिमावर तरंगतो तर अरुंद टायर ते कापून खाली जातो. देखणेपणासाठी १६ इंची रुंद चाके बसवलीच असतील, तर हिवाळ्यापुरती उतरवून ठेवा.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, मागाहून बसवण्याचा विचार सोडून द्यावा. त्यासाठी चाकांवरचे सेन्सर, पंप आणि नळ्या तर हव्यातच, शिवाय त्या विशिष्ट गाडीच्या वजनासाठी आणि ब्रेकसाठी जुळवलेली आज्ञावली लागते, आणि ती घरगुती कामाची गोष्ट नाही. बॉश कंपनीची एबीएस यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, पण छोट्या स्पोर्ट्‌स गाड्यांपर्यंत ती पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. एबीएसमुळे बर्फावर थांबण्याचे अंतर फार घटते असाही समज नको. खोल भुसभुशीत हिमात तर जाम झालेले चाक आपल्यापुढे हिमाचा ढीग जमवून कधी कधी लवकर थांबते. एबीएसचा खरा उपयोग असा की ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंगचे ऐकणे चालू राहते. चाक जाम झाले की ते फिरत नाही, आणि न फिरणारे चाक कोणत्याही दिशेला वळवले तरी गाडी सरळच घसरत जाते. तुमच्यासारख्या गाडीत ब्रेकची वाटणी पुढच्या चाकांकडे झुकलेली असते, कारण कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावताच वजन पुढे येते. बर्फावर ते येत नाही, त्यामुळे पुढची चाके कल्पनेपेक्षा फारच लवकर जाम होतात, तीही पायाच्या अगदी हलक्या दाबाने.

म्हणून ब्रेक दाबून धरू नका; दाबा, चाक अडकल्याचे जाणवताच सोडा, पुन्हा दाबा. सुटलेल्या क्षणी गाडी वळते, दाबलेल्या क्षणी वेग कमी होतो. क्लच याच वेळी दाबलेला असावा, विशेषतः इंजिन थंड असताना, कारण थंड इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरते आणि तुम्ही पुढे ब्रेक लावत असताना तेच मागून ढकलत असते. ओढायचा चोक असलेल्या, एमजीबी या ब्रिटिश गाडीसारख्या त्याहून जुन्या गाड्यांत तर सकाळच्या पहिल्या चौकातच चालकाला हा ढकलपणा भोवतो. हँडब्रेकला मात्र हात लावू नका, तो फक्त मागची चाके जाम करतो आणि पुढे काय होते हे वर एस्लिंगेनच्या वाचकांना कळले आहेच.

तंत्र कितीही साधले तरी अंतराचा हिशेब बदलत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या हिमावर तिला ३९ मीटर लागतात आणि बर्फावर ९८ मीटर. वेग ३० वर आणला तर बर्फावरचे अंतर ३५ मीटर होते. वेग निम्म्याहून थोडा जास्त ठेवून अंतर जवळजवळ तिपटीने घटते, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. एवढे एक गणित लक्षात ठेवले तरी पुरे.

वाळूच्या पोत्यांचा सल्ला मित्राने सद्भावनेने दिला असला तरी तो ट्रकवाल्यांकडून आलेला आहे. मागच्या आसाच्या नेमके वर ठेवलेले वजन सुटताना मदत करते. तुमची डिकी आसाच्या मागे आहे, तेथे पन्नास किलो ठेवले की पुढची चाके हलकी होतात आणि समतोल असलेल्या गाडीला तुम्ही स्वतःच्या हाताने लंबक लावता. बांधून न ठेवलेले पोते अपघातात कोठे जाईल, हा प्रश्न वेगळाच. त्यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडून निघा. डिफरन्शियल म्हणजे ओढणाऱ्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. तुमच्या गाडीला त्याचा मर्यादित घसरणीचा प्रकार असेल, ज्यात हा फरक फार वाढू दिला जात नाही, तर आणखी सावध राहा : साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जागेवर फिरत राहते आणि दुसरे बाजूला आधार देते, यात मात्र दोन्ही चाके एकदम फिरू लागतात आणि मागचा भाग उताराच्या बाजूला निघतो.

दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण सांगतो. कापडी छपराच्या मागची प्लॅस्टिकची खिडकी कडक थंडीत दुमडली तर तडकते आणि न दुमडताही धुरकट होते. मागचे न दिसणारी बुटकी गाडी हिवाळ्याच्या अंधारात चालवणे हाच एक धोका आहे. शक्य असेल तर काचेची खिडकी असलेले टणक छप्पर मिळवा. दुसरी गोष्ट मिठाची. रस्त्यावर टाकलेले मीठ बर्फ वितळवते, पण उणे दहाच्या खाली त्याचा जोर ओसरतो, आणि मग तुमच्या गाडीच्या दारांखालच्या पोलादी पेट्या खाण्याखेरीज ते फारसे काही करत नाही. या गाडीत मागच्या चाकांपुढचा तोच भाग हमखास गंजतो. आता हे लक्षात घ्या की घसरलेली गाडी बहुतेक वेळा आडवी होऊन झाडावर किंवा खांबावर आदळते, म्हणजे मार दारावर बसतो, आणि छप्पर कापडी असल्याने गाडीचा ताठपणा त्या पेट्यांवरच अवलंबून असतो. तुमच्या गाडीला बाजूच्या एअरबॅग नाहीत. गाडी आडवी होऊच न देणारी ईएसपी यंत्रणा १९९५ मध्ये आली आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीची झाली. अमेरिकेतील अभ्यासांत या यंत्रणेमुळे एकट्याच गाडीच्या प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले आहे. तुमच्या गाडीला हे संरक्षण नाही. परवडत नाही हे मला समजते, पण त्याच पैशांत मिळणारी, पुढच्या चाकांवर चालणारी, ईएसपी असलेली एखादी कंटाळवाणी जुनी हॅचबॅक हिवाळ्यापुरती घ्या, आणि माझदाला एप्रिलपर्यंत झाकून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे गोव्यातच तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी आहे. जानेवारीत ती घेऊन मनालीला आणि तेथून अटल बोगद्यातून सिस्सूला जावे, असा बेत आहे. काही खबरदारी सुचवाल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : मनालीपर्यंतच्या प्रवासाला माझ्या शुभेच्छा आहेत. फायबरच्या बॉडीची आणि रेनोच्या इंजिनाची ती छोटी गाडी अजून रस्त्यावर धावते आहे, याचेच मला कौतुक वाटते. मनालीच्या पुढे मात्र नेऊ नये. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहेत. आत रस्ता कोरडा आणि वाहता असतो, बाहेर पडताक्षणी सावलीतला गोठलेला उतार समोर येतो, आणि बोगद्यात पकडलेला वेग तसाच चालू असतो. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे ती मागून सुटण्यापेक्षा न वळता सरळ जाण्याची शक्यता जास्त, पण दरीच्या बाजूला हा फरक कामाचा नाही. आपल्याकडे हिवाळी टायर सहजी मिळत नाहीत. साखळी लावावी म्हटले तर ती पुढच्या चाकांना लावावी लागेल, आणि इतक्या बुटक्या गाडीच्या चाकाभोवती तेवढी मोकळी जागा आहे का, हे घरीच लावून पाहिल्याशिवाय कळणार नाही. हिमवृष्टीनंतर पोलीस बहुधा फोर-बाय-फोर आणि साखळी लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. मनालीत स्थानिक चालकासह तशी गाडी मिळते. ती घ्या, आणि बोगद्यानंतर तो चालक गिअर कधी उतरवतो आणि ब्रेकला किती कमी वेळा पाय लावतो, एवढे लक्ष देऊन पाहा.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे आहे. त्याने तेथे १९८७ सालची एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. तिच्यात दोनच माणसे बसतात आणि इंजिन सीटच्या मागे आहे, एवढेच तो सांगतो. तेथे चार महिने बर्फ असतो. मला गाडीतले काही कळत नाही, पण रात्री झोप लागत नाही. त्याला ती विकायला सांगू का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुम्हाला गाडीतले कळत नाही असे म्हणू नका, ‘इंजिन सीटच्या मागे’ ही नेमकी कामाची माहिती तुम्ही दिली आहे. गाडी बहुधा टोयोटाची एमआर२ किंवा तशाच घडणीची असावी. अशा गाडीत जड इंजिन मध्यभागी असल्याने ती कोणत्याही दिशेला चटकन फिरते. कोरड्या रस्त्यावर हा तिचा गुण आहे. बर्फावर मात्र घसरण सुरू झाल्याची सूचना मिळायच्या आतच ती अर्धी फिरलेली असते. टोयोटाने याच गाडीच्या पुढच्या पिढीत, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मागचे सस्पेन्शन आणि टायर बदलले, ते याच स्वभावाला आवर घालण्यासाठी.

पण विकायला सांगू नका. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाला आईने फोनवरून गाडी विकायला सांगितली की तो ती विकत नाही, फक्त गाडीविषयी बोलणे बंद करतो, आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी त्याला टायरविषयी विचारा. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असल्यास हिवाळी टायर बंधनकारक आहेत, आणि १ ऑक्टोबर ते १५ एप्रिलपर्यंत खिळ्यांचे टायर वापरायची मुभाही आहे. जर्मनीत ही मुभा नाही. गुळगुळीत बर्फावर खिळ्यांइतके उपयोगी दुसरे काही नाही, म्हणून त्याने गाडी हिवाळ्यात बाहेर काढायचीच ठरवली असेल, तर चारही चाकांना खिळ्यांचे टायर असावेत. शिवाय स्वीडनमध्ये लायसन्स मिळवणाऱ्या प्रत्येकाला निसरड्या पट्ट्यावर गाडी चालवण्याचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. तुमच्या मुलाने भारतातले लायसन्स घेऊन सुरुवात केली असेल तर ते त्याचे राहून गेले असण्याची शक्यता आहे. ‘तो घसरायचा क्लास केलास का रे?’ एवढे सहज विचारून पाहा.

आणि एक गोष्ट हमखास विचारा : सकाळी कामावर कसा जातोस? गोथेनबर्गमध्ये ट्रामचे मोठे जाळे आहे आणि ट्राम हिवाळ्यातही धावते. तो ‘ट्रामने’ म्हणाला, तर गाडी उन्हाळ्यापुरतीच आहे असे समजा आणि तिचा एखादा फोटो पाठवायला सांगा.